अमेरिकेतलं लोडशेडिंग

इलेक्ट्रिकच्या दुकानात गल्ल्यावर बाई दिसली की गिऱ्हाईक आधी तिच्या मागं बघतं, मग विचारतं, "दुकानदार कुठं गेलेत?" परभणीत स्टेशन रोडवरच्या आमच्या दुकानात मी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की पुढं पुढं माझं उत्तर आपोआप यायचं, "समोरच बसलेत. काय पाहिजे बोला." आता गुडघे कुरकुर करतात, म्हणून मी फक्त सकाळी दुकानात बसते. दुपारपासून सून बसते. परवा एक जण तिला म्हणाला, "दुकानदारबाई कुठं गेल्या?" मी घरी ऐकलं आणि मनातल्या मनात फुगडी घातली. एवढी तरी प्रगती झाली म्हणायची.

आमचं काम दोघांत वाटलेलं होतं. आमचे हे फिटिंगला बाहेर, मी दुकानात. होल्डर, बटनं, वायरची बंडलं, उन्हाळ्यात कूलरचे पंप, लग्नसराईत माळा. यात परदेशाच्या पिनांचा संबंध कुठून आला असं कोणीही विचारेल. तो आणला एका हाजी चाच्यांनी. तेव्हा ते अजून हाजी व्हायचे होते. टोपी सारखी करत काउंटरशी आले आणि म्हणाले, "बाजी, एक पिन होना."

"कशाची पिन?"

"सऊदी की. वहाँ के बोर्ड में अपना पिन घुसताइच नहीं बोलते. मोबाइल बंद पडा तो घरवाले समझेंगे बुड्ढा गुम गया."

माझ्याकडं नव्हती. खरं सांगायचं तर जगात वेगवेगळ्या आकाराच्या पिना असतात हेच मी त्या दिवशी पहिल्यांदा मनावर घेतलं. आमचा ठोक माल हैदराबादहून यायचा. तिथल्या व्यापाऱ्याला फोन केला, आणि पुढच्या मालासोबत तीन जाड चपट्या दांड्यांचा तो अडॅप्टर आला. चाच्यांना देताना मी जवळचा एक एक्स्टेंशन बोर्डही पुढं सरकवला. म्हटलं, "चाचा, भिंतीत हा अडॅप्टर लावा, त्यात आपला बोर्ड लावा. सगळ्या खोलीचे मोबाइल चार्ज होतील." परत आले ते खजुराचा डबा घेऊनच. "बाजी, पूरा कमरा मेरी खिदमत में था. कोई चाय लाता, कोई पाँव दबाता. चार्जिंग मेरे हात में थी ना!"

तेव्हापासून दुकानात दर्शनी भागात एक दोरी बांधली आणि तिला पिना लटकवल्या. सौदीची आणि इंग्लंडची एकच, तीन जाड चपट्या दांड्यांची. युरोपची दोन गोल दांड्यांची. अमेरिकेची दोन पातळ चपट्या पत्त्यांची. ऑस्ट्रेलियाच्या पत्त्या तिरप्या, रागानं भुवया वर केल्यासारख्या. आमचे हे म्हणाले, "परभणीत ऑस्ट्रेलियाची पिन घ्यायला कोण येणार आहे? कांगारू?" पण लोक येत गेले. कृषी विद्यापीठातले प्राध्यापक परिषदांना जायचे. नर्सिंग झालेल्या मुली इंग्लंडला निघायच्या. श्रीलंकेला, थायलंडला बुद्धविहार बघायला जाणारी कुटुंबं यायची, तीही गटानं, आणि सगळे मिळून दोन पिना न्यायचे. सेलूहून, जिंतूरहून, देवगाव फाट्याहून माणसं यायला लागली. "ते फारिनच्या पिनाचं दुकान" म्हणून रिक्षावाले आणून सोडायचे.

मातीचा अभ्यास करणारे एक सर एकदा दक्षिण आफ्रिकेला निघाले होते. दोरीवरच्या सगळ्या पिना चाळून झाल्या, त्यांना हवी ती सापडेना. मी आतून एक डबा काढला आणि आपल्याच गिझरला लागते ती तीन गोल जाड दांड्यांची मोठी पिन त्यांच्या हातात दिली. "हीच लागती तिकडं." सरांना वाटलं बाई चेष्टा करायलीय. मी मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा ते इतके हसले की शेजारच्या भांड्याच्या दुकानातला माणूस बघायला आला. सर म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यभर न्हाणीघरात दक्षिण आफ्रिका घेऊन राहतोय!"

ज्यांचा या गोष्टींशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिनेचा आकार ही एक भानगड आणि विजेचा दाब ही दुसरी. अडॅप्टर फक्त आकार बदलतो. शेतकरी गिऱ्हाइकाला मी पाइपचं उदाहरण द्यायची. दोन इंची पाइपाला जोड लावून एक इंची पाइप बसवला तर तोंड जुळतं, पण मोटारचा जोर आहे तोच राहतो. आपल्याकडं विजेचा दाब दोनशेतीसच्या आसपास, अमेरिकेत त्याच्या निम्म्यानं. म्हणून तिकडची वस्तू इकडं आणून थेट लावली तर जळते, आणि इकडची मिक्सर-इस्त्री तिकडं नेली तर जळत नाही, नुसती रडते. मोबाइल, लॅपटॉप यांच्या चार्जरवर मात्र बारीक अक्षरात 'शंभर ते दोनशेचाळीस' असं छापलेलं असतं. ते असलं की जगात कुठंही न्या. माझं निम्मं कौशल्य म्हणजे ती बारीक अक्षरं वाचणं. त्यासाठी गल्ल्यात भिंग ठेवलेलं आहे.

आता ज्या बाईंसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडं येते.

पेडगावचे दिगंबरराव आमचे जुने गिऱ्हाईक. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की आमच्या यांनाच बोलवायचे. एके दिवशी सकाळी ते दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात निळी कापडी बॅग होती आणि मागं त्यांच्या पत्नी, कौसाबाई. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. साठीच्या, अंगानं जाड, चेहऱ्यावर हसू आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

दिगंबररावांनी बॅग काउंटरवर ठेवली. "ताई, हे मशीन अमेरिकेत चालंल का बघा बरं."

आत श्वासाचं यंत्र होतं. कौसाबाईंना झोपेत श्वास अडकायचा त्रास होता. झोप लागली की घोरणं, मधेच श्वास बंद, आणि मग दचकून उठणं. नांदेडच्या डॉक्टरांनी हे यंत्र दिलं होतं. नाकावर मुखवटा लावून झोपायचं, नळीतून हवा येत राहते, श्वास अडकत नाही. याच्याशिवाय झोपायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कोण चाललंय अमेरिकेला?" मी विचारलं.

"ही." दिगंबरराव म्हणाले. "सारिकाचं, आमच्या लेकीचं बाळंतपण हाय. लय वर्सांनी देवानं ऐकलंय. तिला सासू न्हाई, जवळ कोणी बी न्हाई. ही गेली तरच जमंल."

"म्या न्हाई जात," कौसाबाई मागून म्हणाल्या. "भावकीतल्या एका पोराची तिकडून आनलेली दाढीची मशीन इथं फुकली म्हनं. ही तिकडं फुकली तर म्या काय करू? लेक तिचं बाळ बघंल का मला बघंल?"

म्हणजे तिकीट झालं होतं, व्हिसा झाला होता, आणि बाई एका दाढीच्या मशिनीवर अडून बसल्या होत्या. मी भिंग काढलं. यंत्राच्या वायरीत मधे जो काळा ठोकळा असतो तो उलटा करून बघितला. शंभर ते दोनशेचाळीस. स्वच्छ छापलेलं. मी भिंग कौसाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "म्या काय इंग्रजी वाचती का? तुमीच सांगा."

"हे मशीन अमेरिकेत चालतंय, कौसाबाई. फुकायचं नाही. नुसती ही पिन लावायची."

"तुमी सांगायलाव म्हनून जाऊ?"

"मी सांगते म्हणून जा."

असं मी रोज कोणा ना कोणाला सांगत असे. पण त्यांनी ते ज्या तऱ्हेनं घेतलं, पदर सारखा केला, भिंग जपून काउंटरवर ठेवलं आणि नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "चला मग, बॅग घ्यायची हाय," त्यावरून माझ्या लक्षात आलं की या बाई माझ्या शब्दावर समुद्र ओलांडायला निघाल्या आहेत. मी अमेरिकेची पिन दोनदा लावून बघितली, सैल तर नाही ना म्हणून हलवून बघितली, आणि यंत्र तिथंच चालवून दाखवलं. मुखवट्यातून हवा आली तशी कौसाबाईंनी ती माझ्या गालावर सोडली आणि हसल्या. "बघा, कूलर!"

हैदराबादहून त्यांचं विमान गेलं. दिगंबरराव दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेले, "पोचली. लय थंडी हाय म्हनती."

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावत होते. फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. व्हिडिओवर एक चष्म्यातला तरुण होता. "काकू, मी अमोल. कौसाबाईंचा जावई. बाबांकडून तुमचा नंबर घेतला." आपल्याकडं सकाळ होते तेव्हा तिकडं टेक्सासमध्ये झोपायची वेळ झालेली असते. त्याच्या तोंडावर दिवसभराचा थकवा होता. "आईंचं मशीन रात्री बंद पडतंय. रोज."

माझ्या हातातली उदबत्ती तशीच राहिली.

"दिवसा?"

"दिवसा चांगलं चालतं. मी सकाळी बघतो तेव्हा अगदी व्यवस्थित चालू होतं. रात्री कधीतरी बंद पडतं आणि त्या उठून बसतात. आम्हाला आधी बोलल्याच नाहीत. दुपारी बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागल्या तेव्हा सारिकानं खोदून विचारलं. तर म्हणतात कशा, लाईट जाते."

"जाते का मग?"

"नाही हो काकू. इथं वीज गेली की स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे आकडे लुकलुकायला लागतात. ते एकदाही लुकलुकलेले नाहीत."

मी विचार केला. अमेरिकेच्या बोर्डातली पकड जुनी झाली की सैल होते, आणि अडॅप्टर अधिक आपली जड पिन मिळून वजनानं खाली झुकतात. हललं की संपर्क तुटतो. मी त्याला म्हटलं, "अडॅप्टर काढूनच टाका. त्या काळ्या ठोकळ्याची भिंतीकडची वायर निघते. तुमच्या घरात कॉम्प्युटरची तशीच वायर असेल. ती लावा. ती तिथलीच, घट्ट बसते." त्यानं वायर आणून लावली. बसली. मला हायसं वाटलं. माझी पिन गुन्हेगार निघाली तर निघाली, बाईंची झोप तर झाली.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वायर बदलली, अडॅप्टर बाद केला, तरी यंत्र बंद. आता राहिलं काय? ठोकळा किंवा यंत्र. आणि ठोकळ्यावरची अक्षरं वाचून "जा" म्हणणारी मी होते.

आमचे हे म्हणाले, "तू काय मशीन बनवलंस का? तुझा काय दोष?" ते खरं होतं. पण त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला बेडस्विचऐवजी घंटीचं बटन दिलं आणि त्यानं ते परत आणून दिलं तेव्हा मला कळलं की माझं ध्यान टेक्सासमध्येच आहे.

नंतरच्या सकाळी मोबाइलवर कौसाबाईंचा आवाज येऊन पडलेला होता. लेकीनं त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं होतं. मागं कुठंतरी भांडी वाजत होती, आणि त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. "ताई, म्या कौसा बोलायलेय. जावईबापू चांगला मानूस हाय, पर ते म्हनायलेत की मशीन नीट न्हाई झाली तर आईला परत धाडावं, इथं काय झालं तर कोण बघंल. सारिका रडायलीय. म्या तिला म्हनलं, म्या खुर्चीत बसून झोपती की, बसून झोपलं की श्वास अडकत न्हाई. तर ती म्हनती, झोप न्हाई झाली तर बाळ तुझ्या हातातून पडंल. ताई, म्या काय बाळ पाडीन का? पाच लेकरं वाढवली म्या. तुमी काई तरी करा. तुमी जा म्हनलात म्हनून आले म्या."

मी ते परत ऐकलं. मग दिगंबररावांना फोन लावला आणि विचारलं, की यंत्र इथं कधी बंद पडायचं का? ते म्हणाले, "लाईट गेली की पडायचं." मी म्हटलं, ते सोडून? "ते सोडून कधीच न्हाई."

मग मी ठरवलं, यंत्राबद्दल आता जावयाला विचारायचं नाही. झोपणारीला विचारायचं. आतापर्यंत अमोलनं मला सांगितलं होतं, सारिकानं अमोलला सांगितलं होतं. कौसाबाईंना मी स्वतः एकदाही विचारलं नव्हतं.

त्याच सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर, मी व्हिडिओ कॉल लावला. फोन कौसाबाईंच्या हातात द्यायला सांगितला. त्या पलंगावर बसल्या होत्या, अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ. मागं अमोल आणि पोटावर हात ठेवून सारिका.

"कौसाबाई, झोपता कशा ते सांगा मला. पहिल्यापासून."

"कशा म्हंजे? हातपाय धुती, देवाचं नाव घेती, ह्यो मुखवटा लावती, मशीन चालू करती. दिवा चालूच ठेवती. नवं घर हाय, अंधारात भ्या वाटतं. मग झोप लागती."

"मग?"

"मग श्वास अडकला की दचकून उठती. बघती तर मशीन बंद, दिवा बंद, सगळीकडं अंधार. लाईट गेलेली."

"मग तुम्ही बटन दाबून बघता?"

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी दुकान चालवायच्या लायकीची नाही. "ताई, लाईट गेल्यावर बटन दाबून काय होतंय? पेडगावात असंच असतंय की. म्या गुमान खुर्चीत बसती. उजाडलं की बटनं दाबती, तवर लाईट आलेली असती. दिवा बी लागतो आन् मशीन बी."

त्यांचा दिवा. झोपताना लावलेला दिवा उठल्यावर बंद असतो. घड्याळ लुकलुकत नाही, म्हणजे वीज गेलेली नाही. मग तो दिवा कोण बंद करतं?

"अमोल," मी म्हटलं, "आईंच्या खोलीतला दिवा रात्री कोण घालवतं?"

"मीच." तो पुढं आला. "माझं ऑफिसचं काम उशिरा संपतं. जाता जाता त्यांच्या खोलीचं दार थोडं उघडं असतं, आत हात घालून बटनं बंद करतो. त्यांची झोपमोड नको म्हणून हळूच."

"बटनं? किती आहेत?"

"दोन. एक दिव्याचं. दुसरं कशाचंच नाहीये, ते दाबून काहीच होत नाही. पण सवय आहे ना काकू, आपल्याकडं झोपताना सगळी बटनं बंद करायची. दोन्हींवरून एकदम हात फिरवतो."

"आत्ता फिरवा बरं. कौसाबाई, मशीन चालू करा."

कौसाबाईंनी यंत्र चालू केलं. हवेचा आवाज फोनमधून मला परभणीत ऐकू येत होता. अमोल दाराशी गेला, हात वर केला, आणि बटनांवरून फिरवला.

दिवा गेला. आवाजही गेला.

मग अंधारातून कौसाबाईंचा आवाज आला, "गेली बघा लाईट! म्या म्हनत नव्हते?"

सारिका इतकी हसायला लागली की अमोल घाबरला, त्यानं तिला धरून खुर्चीत बसवलं. मीही हसत होते आणि पदरानं डोळेही पुसत होते. दिवा पुन्हा लावल्यावर आम्ही ते "कशाचंच नसलेलं" बटन एकटंच दाबून बघितलं. दाबलं की यंत्र बंद, उचललं की चालू. नंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं, अमेरिकेत पुष्कळ घरांत असं असतं. भिंतीतल्या बोर्डाचा एक भाग दाराजवळच्या बटनाला जोडलेला असतो, टेबललॅम्प तिथूनच लावता यावा म्हणून. आपल्याकडं बोर्डाचं बटन बोर्डाशेजारीच असतं. मी इतक्या देशांच्या पिना विकल्या, पण भिंतीच्या आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि अमोल त्या घरात राहून त्यालाही नव्हतं. त्या बोर्डात त्यांनी कधी काही लावलंच नव्हतं.

अमोल सासूबाईंच्या पायाशी वाकला. "आई, तुमची लाईट रोज मीच घालवत होतो."

"असू द्या जावईबापू," कौसाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं घालवनारा दिसत बी न्हाई. तुमी निदान सापडलात."

त्या बटनावर सारिकानं चिकटपट्टी मारली. यंत्र दुसऱ्या बोर्डात लावलं. पुढच्या सकाळी कौसाबाईंचा आवाज मोबाइलवर आला, अगदी ठणठणीत: "ताई, झोपले बगा. स्वप्न बी पडलं. म्हस आली होती स्वप्नात." आणि काही आठवड्यांनी फोटो आला. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, आणि तिला घट्ट धरून बसलेल्या कौसाबाई. डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. मी तो फोटो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. एका विमा एजंटालाही दाखवला, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. "ही माझी बाळं" अशा थाटात मी बोलत होते असं सून म्हणते.

नात पालथी पडायला लागली तेव्हा कौसाबाई परतल्या. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं नवरा-बायको दुकानात आले. माझ्यासाठी बदामाचा डबा आणला होता. मला वाटलं आता अमेरिकेच्या गोष्टी सांगतील. थोड्या सांगितल्या, की तिकडं रस्त्यावर माणूस दिसत नाही, दूध गोड लागत नाही, नातीचं नाक आजोबावर गेलंय. मग एकदम माझ्याकडं वाकल्या.

"ताई, एक बोलू का?"

"बोला की."

"तिथं म्या रोज रातभर झोपले. सलग. इथं आले आन् पहिल्याच रातीला लाईट गेली. उठून बसले. आन् मला पहिल्यांदाच राग आला बगा. इतकी वर्सं उठून बसत होते, पर कधी राग आला न्हाई. वाटायचं, असंच असतंय. आता कळलं, असंच असतंय असं काई न्हाई." त्यांनी काउंटरवर हात ठेवला. "मला पेडगावात बी अमेरिकेवानी झोपायचंय."

दिगंबरराव खाली बघत होते. "मला कधी बोललीच न्हाई," ते म्हणाले.

"तुमी घोरायलेले असायचात," कौसाबाई म्हणाल्या.

आम्ही दुसऱ्याच दिवशी पेडगावला गेलो. यांच्यासोबत मीही गेले, एरवी मी फिटिंगला कधी जात नाही. चांगला इन्व्हर्टर निवडला, शुद्ध लहरीची वीज देणारा, कारण असल्या नाजूक यंत्राला स्वस्तातला लावला तर ते कुरकुरतं. सोबत मोठी बॅटरी. यांनी खोलीतल्या एका बोर्डाची वायर वेगळी काढून इन्व्हर्टरला जोडली, आणि मी मुद्दाम बघितलं, की त्या बोर्डाचं बटन दाराजवळ नाही. बघायला शेजारपाजारच्या बाया जमल्या. एक म्हणाली, "अमेरिकेतून आनलं का हे?" कौसाबाई म्हणाल्या, "न्हाई, स्टेशन रोडवरून."

काम झाल्यावर यांनी विचारलं, "बघायचं का करून?" भर दुपार होती. कौसाबाई खोलीत पलंगावर आडव्या झाल्या, मुखवटा लावला, यंत्र चालू केलं. यांनी बाहेर जाऊन घराचा मेन स्विच खाली ओढला. बैठकीतला पंखा घरघरत थांबला. फ्रिज थांबला. टीव्हीवरची बाई बोलता बोलता गायब झाली. आणि आतून यंत्राचा तो बारीक, एकसारखा आवाज येत राहिला.

"चालायलंय!" दिगंबरराव ओरडले.

"हळू," मी म्हटलं.

आम्ही दारातून आत डोकावलो. आम्हाला वाटलं त्या मुखवट्यातून हसत असतील, हात हलवतील. पण कौसाबाईंचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, छाती वर-खाली होत होती, शांत, एका लयीत. चहा ठेवायला सांगून आडवी झालेली ती बाई चहा उकळायच्या आत झोपली होती. दिगंबरराव मेन स्विच वर करायला वळले आणि मधेच थांबले. "राहू द्या तसाच," ते म्हणाले. बाया पाय न वाजवता पांगल्या. चहा आम्ही बाहेर ओट्यावर बसून घेतला, आणि बोललो ते सगळं कुजबुजत.